तीन नंबरची कुरकूर

बोईसर स्टेशनाबाहेरून एमआयडीसीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात मागे जागा तिघांची असते आणि बसतात चौघं. एरवी रूपल राऊतच्या वाट्याला हे सुख येत नसे. ती पालघरजवळच्या माहीमहून स्वतःच्या स्कूटरवर यायची. पण दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी स्कूटरचं मागचं चाक सकाळीच बसलेलं निघालं, आणि पालघरहून आगगाडीने येऊन ती त्या रिक्षात एका कडेला अंग चोरून बसली. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. वळणावरच्या खड्ड्यात रिक्षा आदळली आणि ते गाठोडं थेट रूपलच्या पायावर पडलं.

तो पार ओशाळला. लागलं का, असं त्याने दोनदा विचारलं. पण रूपलचं पायाकडे लक्षच नव्हतं. गोणपाट बाजूला सरकलं होतं आणि आतून चार गोल तोंडं तिच्याकडे बघत होती. तिने ते उचलून मांडीवर घेतलं, कडेचा दांडा अंगठ्याने फिरवला. चारही तोंडांतल्या चकत्या एकदम उघडल्या, एकदम मिटल्या.

"थ्रॉटल बॉडी आहे ही," ती म्हणाली. "चार सिलिंडरच्या मोठ्या बाइकची. कुठे आहे बाइक?"

"बाइक मेली कवाच. ही भंगारातून आणली." आता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमाला कसं काय कळलं? आमच्या चिंचणीत सगळे विचारतात, मच्छी मारायचं कुठलं यंत्र हाय म्हणून."

रूपल हसली. ती एका टूल-रूममध्ये सीएनसी मशीन चालवायची, कारखान्यांना लागणारे धातूचे सुटे भाग बनवायची. आणि इंजिनं हा तिचा घरचा नाद होता. तेराव्या वर्षी तिने बाबांच्या बागेतला पाण्याचा पंप उघडून पुन्हा लावला होता, आणि एकच नट उरला होता.

रिक्षा एमआयडीसीत पोचेपर्यंत तिला त्याची निम्मी कहाणी कळली. त्याचं नाव दर्पण तामोरे. बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. चिंचणीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या एका माणसाचा बंगला होता आणि दर्पणचे वडील, दादू, त्याची राखण करायचे. बंगल्याच्या मागे नारळाच्या झापांखाली एक विलायती स्पोर्ट्स कार अठरा वर्षं उभी होती. बंगला विकला गेला तेव्हा मालक म्हणाला, दादू, ही तू घेऊन जा, कागद तुझ्या नावावर करून देतो. नाहीतर मोडीत घालेन. दादूंनी ती बैलगाडीला बांधून ओढत घरी आणली. गाडी बरी होती, इंजिनही फिरत होतं, पण त्याला हवा-पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बोरेटर खाऱ्या हवेने खाऊन टाकले होते. एकाचा तर हात लावताच तुकडा पडला. नवे मिळत नव्हते. म्हणून दर्पणने ठरवलं होतं की कार्बोरेटर काढून टाकायचे आणि ही बाइकची थ्रॉटल बॉडी बसवायची. पण इंजिनाची चार भोकं एका अंतरावर आणि बाइकची चार तोंडं दुसऱ्याच अंतरावर. मधला जोड, म्हणजे मॅनिफोल्ड, नव्याने बनवायला हवा होता. तीन वर्कशॉपांनी त्याला हसून परत पाठवलं होतं.

रूपल उतरली, दोन पावलं गेली, आणि परत वळली.

"चार वाजता आमच्या गेटवर या," ती म्हणाली. "मापं घेऊन या. अंदाज नकोत."

तो चारच्या आधीच आला होता. मापं मात्र सुतळीला गाठी मारून आणली होती.

*

टूल-रूमचे मालक नीलेश सर भले माणूस होते. सुट्टीच्या वेळात मशीन वापर, पण तुझं काम तुझ्या जबाबदारीवर, एवढंच ते म्हणाले. त्यांच्या मनात तेव्हा वेगळंच चाललं होतं. डिझाइनसाठी एक नवी जागा काढायची होती आणि ती रूपलला द्यावी की तिच्याबरोबरच्या धीरजला, हे ठरत नव्हतं. रूपलला ते ठाऊक होतं. म्हणून हे काम तिला फक्त गमतीचं नव्हतं. एका जुन्या इंजिनाला नवा श्वास द्यायचा, तोही स्वतः आखलेल्या तुकड्यातून... असं काम बोईसरमध्ये कोण कुणाला देतं?

वर्कशॉपची सुट्टी शुक्रवारी. पहिल्याच शुक्रवारी ती मापं घ्यायला व्हर्नियर, कागद आणि लॅपटॉप घेऊन चिंचणीला गेली. तामोऱ्यांच्या घरापुढे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली, ती गाडी उभी होती. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. लाल रंग उन्हाने गुलाबी झालेला. रूपलने तिच्या लांब नाकावरून एकदा हात फिरवला. मग बॉनेट उघडायला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत तिचं डोकं तिथून वर आलं नाही.

दादूंना हे सगळं कळत नव्हतं, पण कळून घ्यायचं होतं. तिने त्यांना समजावलं. कार्बोरेटरमध्ये हवा आत जाताना आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेते. किती नेईल ते त्या दिवसाच्या हवेवर. दोन कार्बोरेटर चार सिलिंडरांना वाढणार, कुणाला जास्त, कुणाला कमी. आता प्रत्येक सिलिंडरला स्वतःची झडप आणि स्वतःची पिचकारी मिळेल, आणि कुणाला किती पेट्रोल द्यायचं ते एक छोटा कॉम्प्युटर सांगेल. दादूंनी मान डोलावली. म्हणजे एका ताटात चौघं जेवायची ती आता चार ताटं झाली, असं म्हणाले, आणि जाळं विणायला निघून गेले.

दर्पण मात्र कॉम्प्युटरला बिचकून होता. तो इंजिन कानाने ओळखायचा. लांबून येणाऱ्या बोटीचा आवाज ऐकून कुणाची बोट आणि तिचं काय दुखतंय, हे तो किनाऱ्यावरून सांगत असे.

"तुमी सगळंच मोजता काय?" त्याने विचारलं.

"सगळं."

"माणसं पण?"

"माणसांचं गेज अजून बाजारात आलेलं नाही," व्हर्नियरवरची नजर न काढता ती म्हणाली. पण मग तिने तो आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला, आणि त्याने तो पाहिला. नुसता हसला.

मॅनिफोल्डला तीन आठवडे लागले. जाड ॲल्युमिनियमची पट्टी मशीनवर कापायची, तिला चार वाकडे पाइप वेल्ड करायचे, वेल्डिंगच्या तापाने पट्टी थोडी पिळवटते म्हणून तिचं तोंड पुन्हा मशीनवर सपाट करायचं. हे सगळं रूपलने केलं. शेवटी दर्पणच्या लक्षात आलं की एवढं वजन नुसत्या पाइपांवर लटकणार, तेव्हा तिने खालून एक आधाराची पट्टी वेल्ड करून घेतली. मग बाकीचं – पेट्रोलचा पंप, नव्या नळ्या, इंजिन किती फिरतंय ते मोजणारं दातांचं चाक. शुक्रवार एकामागून एक सरत होते. बोलणं इंजिनावरून सुरू व्हायचं आणि भलतीकडेच पोचायचं. दर्पणने लहानपणी शाळेतून पळून जाऊन बोटीत कसा मुक्काम केला, रूपलला पानवेलींच्या बागेतल्या ओल्या सावलीची लहानपणी कशी भीती वाटायची, असं काहीबाही.

डिसेंबरात एका दुपारी अवेळीच आभाळ भरून आलं. थेंब पडले मात्र, सगळी गल्ली घरातून बाहेर धावली. वाळत आलेला बोंबील भिजला की वाया गेला. दर्पणची आई जमना कमरेला पदर खोचून मांडवाकडे पळाली, तिच्यामागे दर्पण, आणि कुणी न सांगता रूपलही. दोन्ही हातांनी बोंबील ओढून टोपलीत टाकायचे, टोपली छपराखाली नेऊन ओतायची, पुन्हा पळायचं. केस चेहऱ्याला चिकटले, कुर्ता खारट झाला. एकाच काठीवरून दोघं दोन बाजूंनी ओढत आले आणि मध्ये त्यांचे हात एकमेकांवर पडले. त्याचा हात गरम होता, ओला होता... आणि तो लगेच निघाला नाही.

"भिजल्या ना तुमी," तो म्हणाला.

"बोंबील भिजतोय," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर तिच्या आईने, सुलूने, दारातच नाक वर केलं आणि विचारलं, वर्कशॉपात हल्ली मासळी सुकवतात का? रूपल अंघोळीला पळाली. हातांचा वास दोन दिवस गेला नाही. तिला तो घालवायचाही नव्हता.

*

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग एक मोठा भडका झाला, जमनाच्या कोंबड्या शेजारच्या घरात गेल्या, आणि मग चारही तोंडांनी एक खोल, घोगरा आवाज धरला. रूपल लॅपटॉपवर पेट्रोलचा तक्ता भरत होती. ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि इंजिन किती फिरतंय, या दोन गोष्टींवरून त्यातल्या प्रत्येक घरात एक आकडा बसवायचा होता. दर्पण रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं एकेका तोंडापाशी धरत होता. चारही झडपांतून सारखीच हवा जायला हवी. मधल्या बारीक पेचांनी ती सारखी करायची असते.

"तीन नंबर कमी ओढतोय," तो म्हणाला.

रूपलने गेज लावून पाहिलं. खरंच, तीन नंबर कमी होता. तिने पेच पाव आटा फिरवला आणि काटे एका ओळीत आले. नुसत्या कानाने याने ते ओळखलं होतं. तिने नळी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या कानाला लावली. रबर अजून त्याच्या कानाइतकं उबदार होतं. आता फक्त तक्त्यातले थोडे आकडे सुधारायचे राहिले होते. फार तर दोन शुक्रवार, ती म्हणाली. त्यावर तो स्वच्छच असलेला पेचकस पुसत बसला.

पुढच्या शुक्रवारी ती आली तेव्हा इंजिन अडखळत होतं. तीन नंबरचा पेच सरकलेला. आपणच घट्ट केला नसेल, असं म्हणून तिने तो नीट केला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीन नंबर, पुन्हा तेच. या वेळी तिचा चेहरा उतरला. घरी जाऊन तिने सगळी आकडेमोड परत केली. नीलेश सरांनी विचारलं तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं की सेटिंग टिकत नाही, माझंच कुठेतरी चुकतंय. धीरज त्यावर काही वाईट बोलला नाही, पण बाइकचं सामान गाडीला लावल्यावर असंच व्हायचं, असं हळूच म्हणाला. सर म्हणाले, डिझाइनचं आपण जरा थांबून ठरवू. रूपलला रात्री झोप लागेना. बाहेरून शांत दिसायची, पण आतून तिचा स्वतःवरचा विश्वास हलला होता.

तिसऱ्या शुक्रवारी इंजिन सुरू होताच आपोआप वर चढायला आणि खाली पडायला लागलं. तीन नंबरच. रूपल बॉनेटवर हात टेकून उभी राहिली. दर्पण पाना आणायला गेला होता. तेवढ्यात जमना चहा घेऊन बाहेर आली आणि तिच्याजवळ टेकली.

"त्याला तरी सांग, बाय," जमना कौतुकाने म्हणाली. "गेल्या दोन-तीन आठवड्यांपासून बेस्तरवारी सांजचा, तू यायच्या आदल्या दिशी, पेचकस घेऊन बसतो हितं. एक पेच पिळतो नि गालातल्या गालात हसतो. त्याला काय तरी झालाय."

चहाचा कप रूपलच्या हातात तसाच राहिला. दर्पण पाना घेऊन आला आणि तिचा चेहरा पाहून जागीच थांबला. जमनाही काय समजायचं ते समजून आत गेली.

"तू फिरवत होतास?" रूपलने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "दोनदा. काल सांजचा नाय. बसलो होतो, पण हात नाय लावला. तुमचा चेहरा बघितला होता ना..."

"का पण?"

"गाडी नीट झाली असती तर तुमी यायच्या बंद झाल्या असत्या."

ते वाक्य आपल्याला आवडलंय, हे तिला तेव्हाही कळलं. पण राग त्याहून मोठा होता. तिने त्याला सगळं सांगितलं – सरांपुढे आपलं चुकतंय म्हणून मान खाली घातली ते, डिझाइनची जागा लांबली ते, रात्र रात्र आकडे तपासले ते. बाईमाणसाचं काम एकदा बिघडलं की दहादा बिघडलं असं धरतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं का? आजची कुरकूर माझी नाय, एवढंच तो शेवटी म्हणाला. तिने विश्वास ठेवला नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटर काढली.

*

पुढचा शुक्रवार ती घरीच होती. बाबांबरोबर बागेत गेली, पानवेली केळीच्या वाळक्या पट्ट्यांनी बांधल्या, दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

शनिवारी नीलेश सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. परवा संध्याकाळी तू गेल्यावर तो चिंचणीचा मुलगा येऊन गेला, असं ते म्हणाले. स्वतः उभा राहून कबूल करून गेला. पेच मी फिरवत होतो, तिन्ही वेळा मीच, मॅडमच्या कामात खोट नाही, असं म्हणाला. धीरजलाही बोलावून त्याच्यासमोर पुन्हा सांगितलं. सरांना हसू आवरत नव्हतं. पण मग ते गंभीरपणे म्हणाले की डिझाइनची जागा आता तुझीच समज.

रूपलला खरं तर उडी मारावीशी वाटायला हवी होती. पण मशीनपाशी परतल्यावर तिच्या मनात एकच शब्द टोचत राहिला. तिन्ही? तिच्यापुढे तर तो दोनच म्हणाला होता. आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांत खोटं नव्हतं, हे ती रागातही पाहून आली होती.

तिने आपली वही काढली. मॅनिफोल्डच्या पानावर तारखा होत्या. तोंड सपाट केलं, बारा तारीख. आधाराची पट्टी वेल्ड केली, चौदा तारीख. तिने ते दोनदा वाचलं. सपाट केल्यानंतर पुन्हा वेल्डिंग झालं होतं. पुन्हा ताप लागला होता, आणि नंतर तिने माप घेतलंच नव्हतं. सगळं मोजणाऱ्या रूपलने नेमकं तेवढंच मोजलं नव्हतं. आधाराची पट्टी दोन आणि तीन नंबरच्या मधोमध होती. तिथे तोंड वाकलं असणार, सुरुवातीला मधल्या मऊ चकतीने, गॅस्केटने, ते झाकलं असणार, आणि गॅस्केट तापून बसल्यावर तिथून हवा आत शिरायला लागली असणार.

तिने थोडा वेळ मशीनला टेकून काढला. हे कुणालाच कळणार नव्हतं. ज्याला कळलं असेल त्याने तर आधीच स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मग ती उठली, केबिनचं दार उघडलं आणि वही सरांपुढे ठेवली. पहिल्या दोन वेळा त्याच्या असतील, म्हणाली, पण तिसरी माझी आहे. सरांनी दोन्ही तारखांवरून बोट फिरवलं. मग फक्त वही परत दिली. ती जागा आता गेली, असं तिने धरून टाकलं.

*

शुक्रवारी तिला येताना पाहून दर्पण होडीच्या इंजिनापासून उठला. हात पुसत पुसत आला, पण चार हातांवर थांबला. रूपलने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. मॅनिफोल्ड खोलायला सांगितलं. दोघांनी मिळून नट सोडवले. मग तिने तो उन्हात धरला आणि त्याच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी टेकवली. दोन आणि तीन नंबरच्या मध्ये, पट्टीखालून, उन्हाची एक बारीक रेघ आरपार दिसत होती.

"पाव मिलिमीटर," ती म्हणाली. "माझी चूक आहे ही. शेवटच्या वेल्डिंगनंतर मी मोजलं नाही. तुला माहीत होतं?"

"माप नव्हतं माहीत. आवाज माहीत होता." तो त्या उजेडाच्या रेघेकडे बघत होता. "पेच सरकला की इंजिन लंगडतं. त्या दिवशी ते लंगडत नव्हतं, बारीक शिटी मारत होतं."

"मग सरांना तिन्ही माझ्या, असं का सांगितलंस?"

"दोन वेळा माझ्यामुळे तुमी खोट्या पडल्या. तिसरी मी घेतली, त्यात काय मोठं? माझ्याकडे वर्कशॉपातली कुठली जागा जाणार होती?"

रूपलने मॅनिफोल्ड खाली ठेवला. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते तिला ठाऊक नव्हतं. समोर मांडवावर बोंबील चांदीसारखा चमकत होता. समुद्राचं पाणी लांब गेलं होतं.

"परत असं करू नकोस," ती म्हणाली. "माझ्या चुका माझ्याच नावावर राहू देत. मी सरांना सांगून आलेय."

त्याने मान वर केली. "आणि जागा?"

"बघू. नसेल मिळायची तर नसेल." ती थांबली. पुढचं वाक्य तिने स्कूटरवर येताना वीस वेळा म्हणून पाहिलं होतं आणि आता त्यातला एक शब्द आठवत नव्हता. "दर्पण... गाडी नीट झाली तरी मी येणार आहे. दर शुक्रवारी. आणि शुक्रवार पुरले नाहीत तर बाकीच्या वारी पण. त्यासाठी पेच फिरवायची गरज नाही."

त्याचे हात ऑइलने काळे होते. ते त्याने पाठीमागे लपवले, मग पुढे आणले, मग काय करावं ते न सुचून तसेच हवेत धरले. रूपलने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तुमचे हात काळे होतील," तो म्हणाला.

"तुझे," ती म्हणाली. "तुमचे नाही. तुझे हात काळे होतील, असं म्हण."

"तुझे..." त्याने म्हणून पाहिलं. त्याला ते अवघड गेलं, आणि फार आवडलंही. "रूपल, मी ना... पहिल्या दिवशी मला रिक्षातून स्टेशनापुढच्या नाक्यावरच उतरायचं होतं. माझं काम तिथंच होतं. तू बोलायला लागलीस आणि मी बसून राहिलो."

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. जमना खिडकीत होती आणि आता नव्हती.

*

मॅनिफोल्ड बोईसरला गेला, मशीनवर चढला, सपाट झाला. या वेळी रूपलने तो थंड होऊ दिला आणि तीनदा मोजला. ती मोजत असताना नीलेश सर मागून आले आणि तिच्या टेबलावर एका नव्या कामाचं ड्रॉइंग ठेवून गेले. कोपऱ्यात डिझायनरच्या रकान्यात तिचं नाव छापलेलं होतं. स्वतःची चूक वही घेऊन दाखवायला येणारं माणूस मला तिथे हवंय, असं जाता जाता ते धीरजला म्हणाले, पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. धीरजने उठून तिचं अभिनंदन केलं, आणि मला एकदा त्या गाडीत बसव, म्हणाला.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी गाडी चिंचणीहून निघाली. चारही सिलिंडर एका सुरात होते. तारापूर मागे पडलं, बोईसरच्या नाक्यावर माणसांनी माना वळवल्या, पालघरच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि दर्पणने पाय थोडा जास्त दाबला. चार तोंडांनी एकदम हवा ओढली. तो आवाज पोटातून यावा तसा वर आला आणि रूपलने डोळे मिटून घेतले. सगळं ठीक ना, असं त्याने ओरडून विचारलं. ती म्हणाली, बोलू नकोस, ऐकू दे. लॅपटॉप तिच्या मांडीवर बंदच होता.

माहीमला राऊतांच्या बागेच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा रूपलचे वडील, रामनाथ, विड्याच्या पानांचे करंडे बांधत होते. ते हात झटकत बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. दर्पणने वाकून नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आडनावावरून जातीचं जे कळायचं ते कळू दिलं. रामनाथांनी वाकून गाडीच्या आत पाहिलं. मग त्यांनी विचारलं की यात माणसं किती बसतात. दोनच, दर्पण म्हणाला. मग रूपल, तू उतर, असं म्हणून रामनाथांनी दार उघडलं.

गाडी केळीच्या बागांमधून वळणापलीकडे गेली. फाटकात रूपल आणि तिची आई उभ्या राहिल्या. आवाज लांब जात होता, बारीक होत होता.

"बोंबलाचा वास याच्याच घरचा काय?" सुलूने विचारलं.

"हो."

"बोटीवाल्यांचा मुलगा."

"हो, आई."

सुलूने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "तुझ्या मावश्या बोलतील. मामा तर बोलेलच." ती रस्त्याकडे बघत होती. "बरा वागतो तुझ्याशी?"

रूपलने थोडा विचार केला, कारण आईला तिने कधी वरवरचं उत्तर दिलं नव्हतं. "एकदा वाईट वागला. मग स्वतः जाऊन कबूल केलं. मी न सांगता."

सुलूने मान डोलावली. लांबून आवाज परत जवळ येऊ लागला, वाढला, आणि वळणावरून ते लांब गुलाबी नाक दिसलं. गाडी रस्त्याच्या मधोमध, जराशी नागमोडी येत होती. स्टिअरिंगवर रामनाथ होते, टोपी मागे सरकलेली, तोंड भरून हसत. शेजारी दर्पण दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसला होता.

"तुझ्या बाबांना गाडी चालवता येते?" सुलूने विचारलं.

"ट्रॅक्टर येतो," रूपल म्हणाली.

गाडी फाटकासमोरून न थांबता पुढे गेली. जाता जाता रामनाथांनी हात हलवला, आणि दर्पणने रूपलकडे असं काही पाहिलं की ती तोंडावर ओढणी धरून खाली बसली आणि हसत सुटली. सुलू त्या दोघांच्या पाठीकडे बघत राहिली, मग आत वळली.

"थांबतील तेव्हा सांग त्याला, जेवूनच जायचं," ती जाता जाता म्हणाली. "भात वाढवते मी."